चावी काढल्यावरचे ठोके

मोटर थांबली, ड्रायव्हरनं चावी काढली आणि तरीही आतून इंजिनानं दोन-चार ठोके घेतले, की माझा तो दिवस खराब जातो. बायको म्हणते, जुनी मोटर आहे, धापा टाकणारच, त्यात तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे? तिचंही बरोबर आहे. अकोल्याला ज्या माणसाच्या घरात मी भाड्यानं राहिलो, तो माणूस तिनं पाहिलेला नाही.

लढाईचे दिवस होते. माझं घर अमरावतीला, नोकरी अकोल्याच्या शाळेत, विषय गणित. खोली शोधत फिरताना जो तो घरमालक जात विचारी, पाहुणे किती येतात ते विचारी, दिवा किती वेळ जाळता तेही विचारी. गावाबाहेर भाजीच्या मळ्याला लागून एक घर होतं. तिथल्या मालकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, कान कसे हायेत तुमचे?"

चांगले आहेत, म्हणालो.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मंग राहा," ते म्हणाले आणि वांग्यांना पाणी द्यायला निघून गेले.

याचा उलगडा पहिल्याच रविवारी झाला. मालकांची एक मोटर होती. अकोल्याहून पातूरवरून घाट चढून वाशीमला जायची आणि परत यायची. वाडवडील माळी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, झेंडू पिकवून बाजारात बसणारे. मालकांनी मात्र भावांच्या वाटणीत मळ्याचा लहान तुकडा मागून घेतला आणि जोडीला ही जुनी मोटर केली. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. इंजिनात जी खटखट व्हायची, ती खरोखर होते की आपल्या कानाची करणी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. म्हणून दोन कानांचा साक्षीदार हवा होता. दर रविवारी मला ड्रायव्हरशेजारी बसवून घाटात नेत आणि विचारत, "आली काय?" मी म्हणायचो, आली. मग ते समाधानानं मान हलवत. दुखणं खरं आहे एवढं कळल्याचंच ते समाधान. दुखणं जात नव्हतं ते नव्हतंच.

त्या खटखटीनं त्या माणसाला झपाटलं होतं. आत पेट्रोलची वाफ वेळेआधी पेटते, असं त्यांचं निदान होतं आणि ते बरोबरही होतं. एकदा त्यांनी मला ओसरीवरच्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसवून ते समजावलं. झोका मागं येऊन पुरता थांबला की धक्का द्यायचा, एवढं लेकरालाही कळतं. मालकांनी झोका त्यांच्याकडे येत असतानाच माझ्या पाठीत दोन्ही हातांनी धक्का दिला. मी कळवळलो आणि त्यांचं मनगट लचकलं.

"समजलं?" मनगट धरून ते म्हणाले. "हेच आत होऊन राहिलं. पिस्टन वर चढून राहिला, वाफ दाबून राहिला, आन थो वर पोचायच्या आधीच आग लागते. मंग थे ताकद कुठं जाते? थ्याच्याच डोक्यात."

मालकीणबाईंनी हळद-तेलाची वाटी माझ्या खोलीत पाठवली. सोबत निरोप होता की यांनी झोक्यावर बसायला सांगितलं तर बसत जाऊ नका.

आधी पेटलं ते वाया गेलं, हे त्यांचं पालुपद. ते कशालाही लागू पडे. कार्तिकात मोहोरलेला आंबा पाहिला तरी तेच, पोरवयात लग्न झालेला मुलगा पाहिला तरी तेच, आणि जेवणाच्या आधी भूक लागली म्हणून मी गूळ-शेंगदाणे खाल्ले तरी तेच. वेळेआधी पेटण्याची कारणं ते एका हाताच्या बोटांवर मोजत. करंगळी म्हणजे काजळी: आत साचते, निखाऱ्यासारखी लाल राहते आणि ठिणगीची वाट न पाहता आग लावते. मग चुकीच्या जातीचा प्लग, तोही तापून लाल होतो. मग पेट्रोलात मिसळलेलं रॉकेल. मग रेडिएटरात कमी पडलेलं पाणी. आणि अंगठा म्हणजे ड्रायव्हर. त्या मोटरीला स्टिअरिंगपाशी एक दांडी होती. ती पुढे केली की ठिणगी लवकर पडे, मागे ओढली की उशिरा. उतावळ्या ड्रायव्हरला दांडी पुढे ठेवायची खोड असते, असं त्यांचं म्हणणं. हे सांगताना अंगठा ते ड्रायव्हरच्या नाकासमोर हलवत.

चार बोटांचा त्यांनी बंदोबस्त केला होता. काजळी ते स्वतः खरवडायचे. प्लग अमरावतीहून आणायला मला सांगायचे आणि मी आणलेला प्लग जवाहिऱ्यासारखा उजेडात धरून पाहायचे. पेट्रोल भरताना पहिला थेंब तळहातावर घेत आणि फुंकर मारत. नुसतं पेट्रोल उडून जातं. रॉकेल असेल तर तळहात तेलकट राहतो. लढाईत पेट्रोल मापून मिळायचं, तरी तेलकट निघालं तर ते डबा परत करायचे. रेडिएटरात पाणीही निघण्याआधी स्वतः काठोकाठ भरायचे. त्यांच्या धोतराला सदा असा वास यायचा की मालकीणबाई त्यांना चुलीच्या आसपास फिरकू देत नसत. ताट बाहेर ओसरीवर यायचं.

स्टँडवर त्यांचा शब्द शेवटचा. कोणाचीही मोटर बिघडली की मालकांना बोलावणं यायचं. ते लाकडाची एक पट्टी इंजिनाला टेकवत, दुसरं टोक चांगल्या कानाला लावत आणि डोळे मिटत. मग काय म्हणतील ते वेदवाक्य. मालकांनी सांगितलं म्हणजे संपलं, असं सगळे म्हणत. पुढं जे झालं त्याला हा मानच कारण झाला.

त्यांचा ड्रायव्हर कादर. पातूरचा, बागवानांचा. त्याचे वडील मालकांच्या मळ्यातली भाजी घेऊन पातूरच्या बाजारात विकत. ते वारल्यावर मालकांनी कादरला आणलं आणि मोटर शिकवली. चांगला हसतमुख, हाताला जलद, आणि हो, थोडा उतावळाही. दुसरी मोटर पुढे दिसली की त्याच्या अंगात यायचं. मालक त्याच्यावर दिवसभर ओरडत आणि त्यानं जेवल्याशिवाय स्वतः जेवत नसत.

पोळ्याला तर दोघांचा तमाशा पाहण्यासारखा. मळ्यातली बैलजोडी गेली होती, पण मालकांनी सण सोडला नाही. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना जसं तूप-हळद लावतात तसं ते मोटरीच्या बॉनेटला लावत आणि खाली वाकून म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग शेजारी उभ्या कादरकडे वळून तेच म्हणत. कादर बैलासारखी मान डोलवायचा. दुसऱ्या दिवशी दिव्यांना गेरू लावून, रंगीत झुली घालून मोटर मारुतीपर्यंत जायची, आणि नंतर कादर ओसरीवर मालकांच्या पंक्तीला बसून पुरणपोळी खायचा. लोक हसत. मालक म्हणत, हसू द्या, लोकाईची मोटर त्यांच्याशी बोलत नाही, माझी बोलते.

बोलते म्हणजे ते ठोके. उन्हाळ्यात घाट चढून मोटर वर आली की मालक हात लांब करून चावी स्वतः काढून घेत. ती त्यांच्या कनवटीला राहायची. चावी काढल्यावरही इंजिन धप, धप करत काही ठोके घ्यायचं आणि मग शांत व्हायचं. मालकांचा चेहरा तेव्हा पाहावा. "जू काढलं तरी इमानी बैल दोन पावलं टाकतेच," ते म्हणत. बाया मोटरीला हात जोडत. मी गणित शिकवणारा, मलाही ते गोड वाटायचं.

आता ताटीचं सांगतो.

मळ्याच्या पाटाच्या कडेनं मालकांनी वाळा लावला होता. त्या मुळ्यांच्या ताट्या ते स्वतः विणत. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. वैशाखात दारावर ओली ताटी नसेल तर दुपारी माणूस घरात भाजून निघतो. कचेऱ्यांना, वकिलांच्या घरांना मालकांच्या ताट्या जात. एका उन्हाळ्यात त्यांनी विचार केला की माणसाला गारवा लागतो तर मोटरीला का नको. त्यांनी रेडिएटरच्या मापाची ताटी विणली, मोटरीच्या तोंडावर बांधली, आणि वर भोकं पाडलेला पत्र्याचा डबा ठेवला. डब्यातलं पाणी ठिबकत राही, ताटी ओली राही. स्टँडवर माणसं जमली. साहेबाच्या कचेरीसारखा थाट आहे म्हणाले. मोटर निघाली की पुढच्या बाकावर वाळ्याचा वास यायचा आणि माणसं त्या बाकासाठी भांडायची. दर चैत्रात नवी ताटी बांधायची आणि मृग लागला की सोडायची, असा रिवाजच पडला. मी राहायला आलो तेव्हा त्या ताटीचं कोणाला नवल राहिलं नव्हतं.

खटखटही उन्हाळ्यातच यायची. पावसाळ्यात मोटर घाट गाणं म्हणत चढायची. मालक म्हणत, हवा गार असते म्हणून. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात लग्नसराईत ती गोष्ट झाली. वऱ्हाड घेऊन मोटर घाटात गेली आणि अर्ध्यावर बसली. मी तेव्हा परीक्षेच्या पेपरांत होतो, मालक ताप घेऊन घरी होते. नवरा मुलगा बैलगाडीनं मांडवात पोचला म्हणे. दुसऱ्या दिवशी मोटर ओढून अकोल्याला आणली. मालक तापातून उठले, स्टँडवरच त्यांनी इंजिन उघडलं आणि पिस्टन बाहेर काढला. पिस्टनच्या डोक्याला आरपार भोक पडलं होतं, कडा मेणासारख्या वितळलेल्या. शाळा सुटून मी तिथं पोचलो तेव्हा सगळं स्टँड गोळा झालेलं होतं.

मालकांनी पिस्टन वर धरून सगळ्यांना दाखवला. मग कादरला विचारलं, दांडी कुठं होती?

"मांगं होती, मालक," कादर म्हणाला. "पुरी मांगं. अम्माची आन घेतो."

"आन काहाले घेतं?" मालक म्हणाले. "हा पिस्टन बोलून राहिला. आधी पेटल्याबिगर असं भोक पडत नाही. काजळी मी काढली, प्लग मी लावला, पेट्रोल मी पाह्यलं, पाणी भरेल होतं. मंग राह्यलं कोण?" आणि त्यांनी अंगठा वर केला.

कादरनं डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकला आणि पातूरच्या रस्त्यानं चालू लागला. मला वाटलं, उद्या येईल. मालकांनाही तेच वाटलं होतं. त्या दिवशी ते त्याच्यासाठी जेवायचे थांबले, आणि मग ताट झाकून ठेवायला सांगितलं.

तो आला नाही. दुसऱ्या मोटरवाल्यांकडे गेला, तर ज्याला मालकांनी दोष दिला त्याला कोण ठेवणार? पिस्टन जाळणारा कादर, असं नाव पडलं होतं. दिवाळीच्या आसपास कळलं की तो अमरावतीला जाऊन पलटणीत भरती झाला आणि लष्कराच्या लॉऱ्या चालवायला गेला. मालक म्हणाले, जाऊ द्या, तिथं दांडी पुढं केली तर साहेब कानफटात मारतील, सुधरेल. पण मला त्यांच्या बोलण्यात पूर्वीचा जोर वाटला नाही.

नवा ड्रायव्हर म्हातारा आणि भित्रा. दांडी इतकी मागे ठेवायचा की सायकलवाले पुढे जायचे. मालक खूश होते. पुन्हा चैत्र आला, नवी ताटी बांधली. आणि रविवारी घाटात खटखट सुरू झाली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आली.

त्यांनी म्हाताऱ्याचा हात बाजूला करून दांडी स्वतःच्या मुठीत धरली, पुरती मागे. खटखट तशीच. कपाळाला घाम फुटला तरी दांडी सोडली नाही. मोटर रडतखडत वर आली, उभी राहिली. मालकांनी सवयीनं चावी काढली. इंजिन धप, धप करत चालूच राहिलं.

कोणीतरी मागून म्हणालं, इमानी जनावर आहे. मालक तळहातावरच्या चावीकडे पाहत होते. ठोके थांबले तरी ते पाहतच होते.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "ठिणगी तर माझ्या हातात हाये. मंग आत आग कोण लावून राहिलं?"

ते खाली उतरले. समोर जाऊन ताटीला हात लावला. डबा कधीच रिकामा झाला होता. ताटी पापडासारखी कडक वाळली होती, रस्त्याची धूळ आणि कापसाच्या गाड्यांवरून उडालेला पुंजका तिच्यात बसून अगदी भिंत झाली होती. तिच्यातून वारा जात नव्हता. रेडिएटरला वारा नाही, म्हणून इंजिन तापून आत सगळं लाल, आणि वाफ ठिणगीच्या आधीच पेटतेय. दांडी पुढे असो की मागे, काही फरक पडत नव्हता. चावी काढल्यावर ठोके पडतात म्हणजे ठिणगीवाचून आत पेटतंय, हे ते ठोके त्यांना दर उन्हाळ्यात सांगत होते. ते त्यांना बैलाची पावलं समजून बसले होते.

मालकांनी ताटी उपटून दरीत टाकली. इंजिन थंड होईपर्यंत आम्ही झाडाखाली बसलो; ते बसले नाहीत. मग मोटर थोडी खाली नेऊन त्यांनी पुन्हा वर चढवायला लावली. खटखट आली नाही. त्यांनी मला विचारलं नाही, पण मी सांगितलं, नाही आली. ते ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की मी बोललो नसतो तर बरं, असं मला वाटलं.

वाशीमचे उतारू ओरडत असताना त्यांनी मोटर उलटी फिरवून पातूरला आणली, बाजारात उभी केली, आणि मला म्हणाले, "चला. कानाचे साक्षीदार तुमी हा."

कादरची आई दारात लसूण निवडत बसली होती. मालकांनी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. ताटी, कापूस, वारा, चावी, ठोके, सगळं एका दमात, जणू समोर कादरच बसला आहे. शेवटी म्हणाले, कादरला पलटणीत कुठं पाठवलं आहे ते सांगा, मी स्वतः त्याला लिहितो, सुटीवर आला की स्टँडवर सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"मतलब वो सच बोलता था?"

"हो, अम्मा."

"वो तो मेरेकू पैलेसेच मालूम था," ती म्हणाली. मग लसणाचं सूप बाजूला ठेवून तिनं सांगितलं की लष्कराचा कागद येऊन महिना होऊन गेला. ब्रह्मदेशाच्या बाजूला त्याच्या लॉरीवर बॉम्ब पडला. पातूरच्या मास्तरांनी वाचून दाखवलं.

मालकांच्या मुठीत अजून चावी होती. ते उभेच राहिले.

"अब उसकू कौन बतायेंगा, मालक?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच त्यांना माहीत असेल, अशा आवाजात विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्टँडवर गेले, जिथं पिस्टन वर धरला होता तिथंच उभे राहिले आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं की कादर खरा होता, मोटर मी मारली, माझ्या ताटीनं मारली. लोकांनी माना खाली घातल्या. चहावाल्यानं पुढं होऊन त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "मालक, तुमचं मन लय मोठं हाये. गेलेल्या माणसाचा दोष कोणी अंगावर घेत नाही."

"मन मोठं नाही बे," मालक किंचाळले, "ताटी मोठी होती."

पण लोकांचं ठरून गेलं होतं. ज्या माणसाचा खोटा शब्द सगळ्यांनी वेदवाक्य मानला, त्याचा खरा शब्द त्यांनी दुःखातली बडबड म्हणून सोडून दिला. मालक पुढं महिनाभर रोज जाऊन सांगत राहिले. जितकं सांगत तितकी त्यांची कीर्ती वाढत होती. माणसं त्यांच्या पाया पडू लागली, तेव्हा त्यांनी जाणं सोडलं.

त्यांनी पाटाकडेचा वाळा मुळापासून खणून काढला. इंजिनाला लावायची लाकडी पट्टी मालकीणबाईंच्या चुलीत गेली. पोळ्याला झुली काढल्या नाहीत. फक्त आदल्या संध्याकाळी तूप-हळदीची वाटी घेऊन मोटरीपाशी गेले. मी खोलीच्या दारात होतो. बॉनेटवर हात फिरवून त्यांनी आवतण दिलं, मग सवयीनं शेजारी वळले, जिथं कादर उभा राहायचा तिथं, आणि रिकाम्या जागेला म्हणाले, "उद्या जेवाले या." मला आत जाऊन दार लावून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी एक पान जास्त वाढलं. संध्याकाळी ते गाईला घातलं.

माझी बदली अमरावतीला झाली, नंतर मालकही गेले.

मध्यंतरी मी चांदूर रेल्वेला जायला मोटरीत बसलो होतो. ड्रायव्हर गप्पिष्ट होता. शेजारच्या उतारूला सांगत होता की मोटर चालवताना घाई कामाची नाही. पातूरचा कोणी कादर होता म्हणे, दांडी पुढं ठेवायची खोड, त्यानं मालकाचा पिस्टन जाळला. आणि मालक असा देवमाणूस, की कादर मेल्यावर सगळा दोष त्यानं स्वतःवर घेतला.

मी मधेच बोललो. म्हणालो, हे खोटं आहे. दांडी मागेच होती. मी त्या घरात राहिलो आहे, त्या घाटात ती खटखट माझ्या या कानांनी ऐकली आहे. ताटीची, चावीची सगळी हकीकत मी त्याला सांगितली.

त्यानं अदबीनं ऐकलं. मग म्हणाला, "हो ना मास्तर, मालक असंच सांगत फिरे म्हणतात. देवमाणूसच."

चांदूर आलं. त्यानं मोटर उभी केली, चावी काढली आणि चहाला निघून गेला. आत इंजिनाचे ठोके पडत राहिले. सगळे उतारू उतरले. मी ते थांबेपर्यंत बसून राहिलो.